महिलांना ३ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४ टक्के... मग सरकारी खरेदीची ऑर्डर परभणीच्या बचत गटापर्यंत का पोहोचत नाही?

'दादा, सरकारी खरेदीत बायकांना तीन टक्के आरक्षण आहे म्हणतात. आमच्या गटाचं नाव त्यात कुठं टाकायचं?'

मानवत तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा हा प्रश्न आमच्या डेस्कच्या व्हॉट्सअॅपवर आला. गट कापडी पिशव्या आणि चादरी शिवतो. मशीन आहेत, हात आहेत, बँकेचं कर्जही आहे. नाही ती ऑर्डर.

प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर नाही. कारण नाव टाकायची अशी कुठलीही वही सरकारकडे नाही. हे तीन टक्के नेमके कुणाचे, कुणावर बंधनकारक आणि ते वाटेत कुठं अडकतात, हे समजून घेऊया.

नियम नेमका काय आहे?

केंद्र सरकारने २०१२ मध्ये सूक्ष्म आणि लघु उपक्रमांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालयं, विभाग आणि सार्वजनिक कंपन्या वर्षभरात जेवढी खरेदी करतात, त्यातला किमान २० टक्के माल आणि सेवा छोट्या उद्योगांकडून घ्याव्यात, असं त्यात होतं. सुरुवातीची तीन वर्षं ते केवळ उद्दिष्ट होतं. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झालं.

नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीने हा आकडा २५ टक्क्यांवर गेला. त्या २५ टक्क्यांच्या पोटात दोन वाटे आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के. याशिवाय ३५८ वस्तू अशा आहेत, ज्या फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत.

उद्योग 'महिलेचा' किंवा 'अनुसूचित जातीचा' कधी मानायचा? एकमालकी असेल तर मालक त्या प्रवर्गातला हवा. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा त्यांचा हवा.

जगात याला 'सप्लायर डायव्हर्सिटी' म्हणतात. मोठ्या खरेदीदाराने ठरावीक चार पुरवठादारांपुरतं न राहता, आजवर दाराबाहेर राहिलेल्यांनाही आत घ्यायचं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मार्च १९६९ मध्ये अल्पसंख्याक उद्योजकांसाठी सरकारी कार्यालय उभं केलं आणि पुढे तिथल्या मोठ्या कंपन्यांनीही असे कार्यक्रम सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने विविधता कार्यक्रमांविरोधात आदेश काढल्यावर तिथे अनेक कंपन्यांनी हात आखडता घेतला. आपल्याकडे मात्र सरकारी खरेदीचा हा टक्का नियमात लिहिलेला आहे.

टक्का खरेदीदाराचा, तुमचा नाही

इथेच पहिला गैरसमज होतो. नोकरीतलं आरक्षण आपल्याला माहीत आहे. जागा राखीव असते आणि पात्र उमेदवार मिळेपर्यंत ती जागा राखीवच मोजली जाते. खरेदीतलं आरक्षण तसं नाही.

इथे टक्का हा खरेदीदाराने वर्षअखेरीस पूर्ण करायचा हिशोब आहे. एखाद्या टेंडरमध्ये 'हे महिलांसाठीच' असं सहसा लिहिलेलं नसतं. शिवाय २०१२ च्या आदेशातच एक पळवाट आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक टेंडरमध्ये आलेच नाहीत, किंवा अटी आणि दर जुळले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर छोट्या उद्योगांकडून भरून काढता येतो. परिणाम दिसतो आहे. छोट्या उद्योगांचं एकूण उद्दिष्ट पार होतं, पण ४ टक्क्यांचा वाटा आजवर गाठला गेलेला नाही.

हे आकडे लपलेले नाहीत. कोणत्या मंत्रालयाने आणि कंपनीने कुणाकडून किती खरेदी केली, याची नोंद 'एमएसएमई संबंध' पोर्टलवर असते.

परभणीत हा नियम कुणाला लागू?

केंद्राचा आदेश केंद्राच्याच कार्यालयांना लागू आहे. म्हणजे परभणी आणि पूर्णा जंक्शन ज्या नांदेड विभागात येतात ती रेल्वे, टपाल खातं, बीएसएनएल वगैरे.

जिल्हा परिषद, महापालिका, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही खरेदी राज्याच्या नियमांनी चालते. त्यासाठी राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची वेगळी यादी तिच्यात आहे. म्हणून जिल्हा परिषदेच्या टेबलावर जाऊन केंद्राचे ३ टक्के मागितले, तर समोरचा बाबू 'आम्हाला लागू नाही' म्हणेल आणि तो खोटं बोलत नसेल.

राहिल्या खासगी कंपन्या. त्यांच्यावर असं कुठलंही बंधन नाही. उद्योग संघटनांनी २००६ नंतर स्वेच्छेच्या आचारसंहिता स्वीकारल्या. टाटा समूहासारख्यांनी पुरवठादार निवडताना अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना संधी देण्याचं धोरण आखलं. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री म्हणजे 'डिक्की' स्थापन केली, तिचा भरही अशा पुरवठा साखळीत शिरण्यावर राहिला. पण वाळूजच्या एखाद्या कारखान्याने परभणीच्या उद्योजकाकडून माल घ्यावा की नाही, हे शेवटी त्या कंपनीचा खरेदी विभागच ठरवतो.

१५ टक्क्यांची सवलत: गणित करून पाहू

दुसरा गैरसमज दराचा. 'छोट्या उद्योगाला १५ टक्के जास्त भाव मिळतो' असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही.

समजा, केंद्राच्या एका कार्यालयाला १,००० चादरी हव्या आहेत. एका मोठ्या गिरणीने सर्वांत कमी, २०० रुपये दर भरला. टेंडरच्या भाषेत ती 'एल-१'. आपल्या गटाने २२८ रुपये भरले. २०० वर १५ टक्के म्हणजे २३०. गट या पट्ट्यात आला.

आता गटाला विचारलं जाईल, '२०० रुपयांना देता का?' हो म्हटलं तर १,००० पैकी २५ टक्के, म्हणजे २५० चादरींची ऑर्डर मिळेल. दर मात्र २०० रुपयेच. पट्ट्यात आणखी छोटे उद्योग असतील तर तो वाटा त्यांच्यातही विभागला जातो.

गटाचा एका चादरीचा खर्च २१० रुपये असेल, तर ५० हजारांची ऑर्डर मिळूनही अडीच हजारांचा तोटा.

थोडक्यात, ही सवलत दार उघडते, भाव वाढवून देत नाही. म्हणून टेंडर भरण्याआधी आपला खरा खर्च काढणं हेच पहिलं काम. कापड, शिलाई, वीज, वाहतूक आणि पैसे अडकतील त्या महिन्यांचं व्याज, सगळं धरून.

उद्यम प्रमाणपत्र आहे, तरी लाभ नाही?

तिसरी ठेच इथे लागते. परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या बाजारपेठेत अनेकांकडे उद्यम प्रमाणपत्र आहे. पण त्यावर व्यवसाय काय लिहिला आहे ते पाहा.

जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. खरेदी धोरणाचा लाभ माल तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला मिळतो. सुरतहून चादरी आणून विकणाऱ्याला नाही. रस्ते आणि इमारतींची बांधकाम कंत्राटंही या धोरणात येत नाहीत.

नोंदणी पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारा एजंट तुम्हाला फसवतो आहे. अर्जात संस्थेच्या प्रकारांमध्ये बचत गटाचा पर्यायही आहे. अडतं ते बहुधा पॅनकार्डाशी. व्यवहार अध्यक्ष ताईंच्या वैयक्तिक खात्यावर चालतो आणि गटाच्या नावाचं पॅन काढलेलंच नसतं.

नोंदणीचे दोन थेट फायदे आहेत. केंद्राच्या टेंडरचा फॉर्म मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. मागच्या उलाढालीची आणि अनुभवाची अटही शिथिल करता येते. मात्र मालाचा दर्जा आणि तांत्रिक निकष पाळावेच लागतात, आणि ही शिथिलता टेंडरमध्ये दिली आहे का, ते वाचूनच कळतं.

टेंडरचा आकार हीच भिंत

टक्का कितीही लिहा, टेंडर जिल्ह्याएवढं किंवा राज्याएवढं मोठं काढलं की गट आपोआप बाहेर. याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

अंगणवाडीतल्या पूरक पोषण आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. महाराष्ट्रात मार्च २०१६ मध्ये घरपोच आहाराचं टेंडर निघालं. त्यात अनेक प्रकल्प एकत्र करून मोठे गट पाडले गेले आणि उलाढालीसारख्या अटी आल्या. गावातला बचत गट त्या अटींत कसा बसणार?

वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ही प्रक्रियाच रद्द केली आणि नव्याने टेंडर काढायला सांगितलं. कंत्राटांची रक्कम तब्बल ६,३०० कोटी रुपयांच्या घरात होती.

कागदावर नाव महिला संस्थेचं आणि मागे कारभार मोठ्या पुरवठादाराचा, हा त्या वादाचा गाभा होता. जगभर जिथे जिथे असे राखीव वाटे आहेत, तिथे हा आजार आहे. आपल्याकडे त्याला वेगळं नाव द्यायचीही गरज नाही. 'लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं' म्हटलं की जिल्ह्यात सगळ्यांना कळतं.

अभियंता म्हणून मी हे जवळून पाहिलं आहे. महाराष्ट्रात छोट्या सरकारी बांधकामांचं वाटप अनेक वर्षं ३३-३३-३४ या सूत्राने होत आलं. ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना. 'सप्लायर डायव्हर्सिटी' हा शब्द इथं येण्याच्या कितीतरी आधीचं हे आपलं मराठी रूप. माझ्या बॅचच्या काही सिव्हिलवाल्या मित्रांनी त्यातून खरोखर पाय रोवले. काहींनी मात्र नोंदणी करून ती दुसऱ्याला वापरायला दिली. कारण काम मिळालं तरी सिमेंट, खडी आणि बिल निघेपर्यंतचा खर्च पेलायला पैसा नव्हता.

हा दोष फक्त त्या मुलांचा नाही. वाटा द्यायचा आणि भांडवल द्यायचं नाही, तर वाटा भाड्यानेच जाणार.

ऑर्डर मिळाली आणि तरीही बिघडलं

उलटंही घडतं. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्यात 'एक राज्य एक गणवेश' योजना आली. कापडाची खरेदी केंद्रीय पद्धतीने आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे 'माविम'च्या बचत गटांकडे. कल्पना चांगली होती. गावातल्या मुलांचे कपडे गावाजवळच्या बायकांनीच शिवायचे.

प्रत्यक्षात शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत. पोहोचले तिथे मापाच्या तक्रारी आल्या. कापड वेळेत हातात न येणं, कमी मुदतीत प्रचंड संख्या आणि पोराचं माप न घेता शिलाई, एवढं सगळं एकत्र आलं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले.

यावरून 'बचत गटांना जमत नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. कापड कधी येणार हे गटांच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात फक्त शेवटचं काम आहे, त्याच्यावर सगळ्या साखळीचा उशीर येऊन पडतो. शाळेने स्वतः कापड घेऊन शेजारच्या गटाला दोनशे गणवेश दिले असते, तर माप घ्यायला वर्गापर्यंत चालत जाता आलं असतं.

सर्वांत मोठं हत्यार: ४५ दिवस

टक्केवारीची चर्चा खूप होते, पण छोट्या पुरवठादाराला वाचवणारा नियम दुसराच आहे. तो केंद्र, राज्य, जिल्हा परिषद आणि खासगी कंपनी, सगळ्यांना लागू आहे.

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल स्वीकारल्यावर लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

हिशोब करू. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. दोन लाखांचं बिल मुदतीनंतर सहा महिने रखडलं, तर व्याजच १८ हजार ६०० रुपयांच्या वर जातं.

पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी 'समाधान' पोर्टल होतं, आता ऑनलाइन वाद निवारणाचं नवं पोर्टलही आलं आहे. परिषदेचा निवाडा कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एकच काळजी घ्या. उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची हवी. माल देऊन झाल्यावर नोंदणी केली तर हक्काचा वाद ओढवतो.

कंपन्यांसाठी आणखी एक चाप आहे. आयकर कायद्यात झालेल्या बदलानुसार, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 'ट्रेड्स' या बिल वटवण्याच्या व्यासपीठावर नोंदणीही सक्तीची झाली आहे.

मग कायदा असूनही तक्रार का होत नाही? कारण पुढची ऑर्डरही त्याच साहेबांकडून हवी असते. या भीतीवर टक्केवारीत उत्तर नाही. पुरवठादाराचा एकच खरेदीदार असेल तर तो कधीच भांडू शकत नाही. म्हणून दुसरा आणि तिसरा खरेदीदार शोधणं हा कायद्याइतकाच महत्त्वाचा उपाय.

मानवतच्या ताईंनी आता काय करायचं?

१. गटाच्या नावाने पॅन आणि बँक खाते. त्यानंतर उद्यम नोंदणी, व्यवसाय 'उत्पादन' लिहून.

२. केंद्राच्या 'जेम' म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर विक्रेता नोंदणी. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी तिथे 'वुमनिया' हा उपक्रम आहे.

३. उद्योजक अनुसूचित जाती किंवा जमातीतील असेल तर ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एससी-एसटी हबची माहिती घ्या. टेंडर भरण्यापासून यंत्रसामग्रीच्या अनुदानापर्यंत मदत तिथे आहे. गावातल्या गावात सुरुवात करायची तर परभणीचं जिल्हा उद्योग केंद्र आणि 'उमेद'चा तालुका कक्ष.

४. केंद्राच्या प्रत्येक विभागाने छोट्या उद्योगांकडून करायच्या खरेदीचा वार्षिक आराखडा संकेतस्थळावर टाकायचा आहे. तो पाहा. नसेल तर माहिती अधिकारात मागा. यंदा कुणाला काय लागणार, हे वर्षाच्या सुरुवातीला कळलं तर मशीन तयार ठेवता येतं.

५. पहिली ऑर्डर छोटी घ्या. पैसे कधी येतील ते लेखी घ्या. आणि गटाचं नाव किंवा प्रमाणपत्र कुणालाही 'फक्त सहीपुरतं' देऊ नका. दंड, काळी यादी आणि कराची नोटीस नाव असलेल्यालाच येते.

अधिकाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे आणि ती टक्क्यापेक्षा सोपी आहे. पाच हजार चादरींचं एक टेंडर काढण्याऐवजी पाचशेची दहा काढली आणि बिल ४५ दिवसांत सोडलं, तर ३ टक्क्यांचा हिशोब मार्चमध्ये शोधत बसावा लागणार नाही.

ताईंना आम्ही हेच कळवलं. नाव टाकायची वही नाही, पण दार आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं: 'पॅनकार्ड गटाचं नाही, माझंच आहे. उद्या बँकेत जाते.'